वाफसा ओळखणारे आतार डॉक्टर

डॉ. हबीब आतार यांचं माझ्यावरचं ऋण सगळ्यात मोठं आहे. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते पदवीमुळे, पण ते लावताना मला संकोच वाटत नाही तो आतार सरांमुळे. ते गेले त्याला आता काही आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी घोडेगावच्या माझ्या दवाखान्यात होतो आणि टेबलावर हगवणीनं गळून गेलेली एक शेळी होती. सरांचा मुलगा इम्रान फोनवर होता. "भाऊ, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. मी "येतो" म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि पुन्हा शेळीच्या हिरडीवर बोट दाबलं. ऐकणाऱ्याला हे कोरडेपणाचं वाटेल. पण टेबलावरचं जनावर तसंच सोडून मी जुन्नरला धावलो असतो, तर सरांना ते मुळीच आवडलं नसतं. "मी कुठं पळून चाललोय आता? तिचं आदी बघ," असंच ते म्हणाले असते. शेळी मान धरून उभी राहिल्यावर मी निघालो.

जुन्नरच्या कबरस्तानाबाहेर त्या दिवशी जी माणसं उभी होती, ती एका जागी एरवी कधी दिसली नसती. बाजारपेठेतले व्यापारी, द्राक्षांचे बागायतदार, मेंढ्या राखणारे, डोंगरातल्या आहुप्याच्या बाजूनं पहाटेच्या गाडीनं आलेली दोन माणसं. माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "पानी सांडनारा डाक्टर गेला राव." त्यावर दुसरा म्हणाला, "सांडायचा म्हनून तर माझं कुत्रं वाचलं व्हतं." बाहेरगावच्या माणसाला या बोलण्याचा अर्थ लागला नसता. मला मात्र तिथे उभ्या उभ्या हसू आलं, आणि त्या हसण्याची लाजही वाटली नाही.

आमची शेवटची भेट त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी झाली होती. सरांची मूत्रपिंडं थकली होती. दिवसाला किती पाणी प्यायचं याची मर्यादा डॉक्टरांनी घालून दिली होती, आणि चहाही त्यातच धरायचा होता. मी गेलो तेव्हा सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी हाताच्या पंज्यावरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडून दिली. ती तशीच उभी राहिली.

"बघ, तंबू उभा राह्यला," ते म्हणाले. "आता तू म्हनशील, हा गडी लई सुकलाय. सलाईनची बाटली लावा ह्याला. आन् हे बघ." त्यांनी पांघरूण बाजूला केलं. पाय घोट्यापाशी सुजून चकचकीत झाले होते. "वर दुष्काळ, खाली पूर. कातडीचं कदी ऐकू नको पावणं. म्हाताऱ्याच्या कातडीचं तर न्हाईच न्हाई."

चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, माझ्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. सरांची नजर कपाकडे गेलेली त्यांनी पाहिली. "देखो भी मत उधर," त्या म्हणाल्या, "सुबह का कोटा हो गया तुम्हारा." सर मला म्हणाले, "जलमभर दुसऱ्याचं पानी मोजलं, आता ही माझं मोजती. पन मोजती बराबर हां. माझ्यापेक्षा बी बराबर." आणि ते इतके मोकळे हसले की चाचीही हसल्या. मी तो चहा त्यांच्यासमोरच प्यायलो. न पिता ठेवला असता तर ते रागावले असते.

आतार म्हणजे अत्तर विकणारं घराणं. सरांचे वडील जत्रांमधून अत्तराची पेटी घेऊन हिंडत. घरात अत्तराच्या कुप्यांची रांग होती, पण दवाखान्यात येताना सरांनी कधी अत्तर लावलं नाही. "जनावराच्या तोंडाचा वास मला यायला पायजे," ते म्हणत. काही वर्षं सरकारी नोकरी करून ती त्यांनी सोडली आणि जुन्नरात बाजाराच्या मागच्या गल्लीत छोटा दवाखाना काढला. गाई-म्हशींना डॉक्टर मिळत होते, कारण त्यांच्या मागे दूध होतं. शेळ्या, करडं, कुत्री, मांजरं यांच्याकडे कुणी मन लावून बघत नव्हतं. ही बारकी जनावरं सरांनी आपली मानली. "गाईसाठी डाक्टर गोठ्यात जातो," ते म्हणायचे, "कुत्र्यासाठी कोन जातंय? मंग त्येनंच माझ्याकडं यावं."

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमचं घर निरगुडसरचं. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, वडील गवंडीकाम करत आणि आई आमचा जिराईत तुकडा बघत असे. घरात पदवी घेणारा मी पहिलाच. वडिलांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलं, आणि भिंतीला खिळा ठोकायच्या आधी त्यांनी गवंड्याचा ओळंबा लावून जागा मापली. अशा कौतुकातून उठून मी जुन्नरला आलो आणि सरांच्या दारात फाईल घेऊन उभा राहिलो.

"काय पावणं, जनावर कुटंय?" सरांनी विचारलं.

"जनावर नाही सर. मी डॉक्टर आहे."

"आस्सं? मंग उभा का? हात धू."

त्या दिवसापासून मी त्यांचा पाव्हणा झालो तो शेवटपर्यंत. नाव त्यांनी क्वचितच घेतलं.

पहिल्याच आठवड्यात ते पाणी सांडणं पाहिलं आणि मी चक्रावलो. आमच्या भागात उपचार म्हणजे 'बाटली'. माणसाला अशक्तपणा आला की सलाईनची बाटली चढवायची, आणि बाटली लावली तर ती पुरती संपली पाहिजे. अर्धी राहिली तर डॉक्टरनं फसवलं असं वाटतं. धडधाकट माणसाला ती बाटली पचून जाते. पण तीन किलोच्या पिल्लाला तीच बाटली म्हणजे विहीर. एकदम आत गेली तर पाणी फुप्फुसात उतरतं आणि पिल्लू कोरड्या जमिनीवर बुडून मरतं. असं पिल्लू मी शिकत असताना एका ठिकाणी पाहिलं होतं. बाटली रिकामी झाल्याचं समाधान मालकाच्या चेहऱ्यावर होतं, आणि पिल्लाच्या नाकातून पाणी येत होतं.

सरांची पद्धत वेगळी होती. जनावर आधी वजनकाट्यावर जाई. मग हिरडी, डोळा, कातडी, पंजे, नाडी. मग एका चिठ्ठीवर छोटं गणित: आतून किती आटलंय, दिवसभराला एरवी किती लागतं, उलटी-जुलाबातून अजून किती जाणार. आणि मग, सुई शिरेत घालायच्या आधी, सर बाटलीची नळी मोरीत सोडत. गणितापेक्षा जास्तीचं सगळं पाणी मालकाच्या डोळ्यांसमोर वाहून जाई. बाटलीत उरे तेवढंच त्या जिवाचं.

"आवो, आमचं औषध सांडलं की!" एक बाई ओरडलीच होती.

"मावशी, सांडलं ते मोरीचं. ऱ्हायलं ते तुमच्या पिल्लाचं."

मी नंतर सरांना विचारलं, की मधेच नळी बंद करता येते, मग आधीच ओतून कशाला टाकायचं? सर म्हणाले, "मी नमाजला गेलो, तुला कुनी हाक मारली, नळीचं चाक सैल झालं... मंग? बाटलीत न्हाईच तर जानार कुटनं?"

हे किती खरं होतं ते नारायणगावकडच्या एका बागायतदारामुळे कळलं. त्यांना सगळे तात्या म्हणत. बागेच्या राखणीला आणलेलं त्यांचं पिल्लू रक्ताची हगवण लागून आडवं पडलं होतं. सरांनी गणित केलं, जास्तीचं सांडलं, उरलेलं कोमट करून अगदी थेंब-थेंब चालू केलं आणि तात्यांना पिल्लाजवळ बसवून ते नमाजला गेले. मी पलीकडे एका करडाचा पाय बांधत होतो. तात्या द्राक्षवाले. ठिबकच्या नळ्या त्यांनी आयुष्यभर हाताळलेल्या. त्यांनी थेंबांकडे बघितलं, त्यांना ते फारच कंजूषपणाचं वाटलं, आणि त्यांनी चाक पूर्ण उघडलं. मी मागे वळलो तेव्हा बाटली रिकामी होती, पिल्लू कुडकुडत होतं आणि त्याचं नाक ओलं झालं होतं.

"आवो, काय केलंत तात्या!"

"काय केलं म्हंजी? येवढं थेंबं-थेंबं? माझ्या एका झाडाला बी ह्याच्यापरीस जास्त सोडतो मी."

तेवढ्यात सर आले. पिल्लाच्या छातीला त्यांनी बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकलं, त्याला गोणपाटात गुंडाळलं, आणि स्टुलावर बसले. आवाज चढला नाही. "तात्या," ते म्हणाले, "पाऊस झाला की लगीच बागंत टॅक्टर घालता का?"

"येडा हाय का मी? वाफसा आल्याबिगर कसा घालीन?"

"वाफसा म्हंजी काय वो? ह्या आमच्या डाक्टरला सांगा. ह्यांच्या कॉलेजात शिकवत न्हाईत."

तात्यांना विषय मिळाला. मूठभर माती हातात घ्यायची, ते म्हणाले. दाबली की लाडू झाला पाहिजे आणि बोटानं टोचला की फुटला पाहिजे. चिखल नको, धूळ नको. मातीत पाणी बी पाहिजे आणि हवा बी पाहिजे, तेव्हा वाफसा.

"आन् पानी जास्त झालं तर?"

"मुळीला हवा मिळत न्हाई. गुदमरती. झाड पिवळं पडतं..." बोलता बोलता तात्या थांबले आणि गोणपाटातल्या पिल्लाकडे बघायला लागले. "म्हंजी ह्याच्या बी मुळ्या...?"

"ह्याची फुप्फुसं."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते पिल्लू संध्याकाळपर्यंत सुधारलं. सरांनी बाटलीत जेवढं ठेवलं होतं तेवढंच आत गेलं होतं, एकदम गेलं एवढाच काय तो गुन्हा. पुढे ते कुत्रं तात्यांच्या बागेत म्हातारं होईपर्यंत भुंकलं. आणि तात्या गावोगाव सांगत फिरले, "डाक्टर पानी सांडतो ती आक्कल हाय त्याची. वाफसा बघतो तो."

तेव्हापासून सर शेतकऱ्यांशी याच शब्दात बोलायचे. निर्जलीकरण म्हटलं की माणसं मान हलवत आणि बाटलीकडे बघत. वाफसा म्हटलं की जनावराकडे बघत. मीही नकळत तसाच विचार करू लागलो.

पण करू लागलो आणि जमू लागलं यात अंतर होतं. पुस्तकातलं गणित मला सरांपेक्षा भराभर यायचं. अडायचं ते दुसरीकडे. लठ्ठ कुत्र्याची कातडी आतून सुकलेली असली तरी झटकन खाली बसते, आणि हडकुळ्या कुत्र्याची काही झालेलं नसतानाही उभी राहते. हिरडी कोरडी लागते, पण ते धापा टाकल्यामुळेही असेल. उलट्या किती झाल्या ते मालक बोटांवर सांगतो, पण एकेक किती मोठी ते सांगत नाही. सर त्यांना विचारत, "वाटीभर का ओंजळभर?" पंजे गार आहेत का, दाबलेल्या हिरडीचा रंग परत यायला किती रेंगाळतो, सकाळपासून मुतलंय का... हे सगळं मी बघायचो, लिहायचो आणि शेवटी सरांकडे तोंड वळवून विचारायचो, "किती देऊ सर?"

"तिनं काय सांगितलं?" ते शेळीकडे बोट करून विचारत.

मी माझा आकडा सांगे. बहुतेक वेळा तो बरोबर असे. सर मान हलवत, मी सुई घाली. थोडं पाणी गेलं की ते मला पुन्हा टेबलाशी पाठवत. "गनित सकाळचं आसतं, पावणं. जनावर दुपारचं आसतं. परत बघ." हे वाक्य मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना आजही सांगतो.

दोन-तीन वर्षं अशी आनंदात गेली. पण मी विचारायचं थांबवलं नाही. जीव जाईल असं जनावर समोर आलं की माझे हात थांबत आणि मान सरांकडे वळे. ते गावाला गेले असतील तर मी फोन करी. दरम्यान सरांनी घोडेगावात एक गाळा बघून ठेवला होता. आंबेगावच्या डोंगराकडची माणसं आजारी करडू, कुत्रं पोत्यात घालून दोन गाड्या बदलून जुन्नरला यायची, आणि पुष्कळदा पोत्यातलं जनावर वाटेतच गार पडायचं. "तिकडचं तू बघायचं," सर म्हणाले. "पन आदी एक जनावर, लई वाईट झालेलं, सुरवातीपासनं शेवटापर्यंत तू एकट्यानं बघ. मला न इचारता. मंग गाळ्याची किल्ली घे."

त्याच सुमारास औषधं विकणाऱ्या एका कंपनीचं पत्र आलं. पुण्यात नोकरी, मोटारसायकल, बॅग घेऊन दवाखान्यांत हिंडायचं. महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं होतं. वडिलांना त्या पत्राचा मोठा आनंद झाला. "डिग्री घेऊन पुना शेळ्यांच्याच मागं?" ते म्हणाले. "इस्तरीचे कपडे घालून फिरशील. मी आयुष्यभर सिमिटात हात घातलेत, तुझं तरी हात कोरडं राहू दे." त्यांचं चूक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पत्र सुटकेसारखं वाटत होतं. बॅगवाल्याला कुणी विचारत नाही, किती पाणी द्यायचं म्हणून. मी सरांना पत्र दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं, घडी घातली, परत दिलं. "चांगली नोकरी हाय," ते म्हणाले. मग ते टेबलावरच्या शेळीकडे वळले, आणि तेच मला जड गेलं.

महिना संपत आला होता. आहुप्याकडच्या वस्तीवर करडांना लस टोचायला सरांनी मला पाठवलं. डिंभ्यापर्यंत गाडी मिळाली, पुढची आलीच नाही. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी मी बसलो होतो. माझी बॅग बघून एक बाई तरातरा आली. डिंभ्याच्या धरणात मासेमारी करणाऱ्या त्या कोंडाबाई, हे टपरीवाल्यानं सांगितलं. "तुमी गुरांचं डाक्टर ना? चला. माजी झिपरी मरायला लागलीया."

झिपरी ही त्यांची म्हातारी कुत्री. कोंडाबाई तराफ्यावरून जाळं टाकायला जात तेव्हा ती पुढच्या टोकाला बसून असे. कालपरवा काठावरची सडकी मासळी तिनं खाल्ली आणि तेव्हापासून उलट्या आणि जुलाब सुरू होते. खोपटाच्या सावलीत ती पडली होती. डोळे खोल गेलेले, हिरडी चिकट, पंजे गार. सरळ गोष्ट होती, पाणी हवं आणि लवकर हवं. मग मी छातीला स्टेथोस्कोप लावला. हृदयाच्या ठोक्याबरोबर फस्स, फस्स असा आवाज येत होता.

"मावशी, ही खोकते का हो?"

"लई दिसांपासनं. निजली की ठसका लागतो. म्हातारी झाली, आजून काय?"

म्हणजे हृदय थकलेलं. पाणी दिलं नाही तर दिवस मावळेपर्यंत ती राहणार नव्हती. नेहमीच्या हिशेबानं दिलं तर थकलेलं हृदय ते ओढू शकणार नव्हतं, आणि पाणी फुप्फुसात साचणार होतं. दोन्ही बाजूंना मरण, आणि मधली वाट किती रुंद ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मासे तोलायच्या काट्याला टोपली अडकवून आम्ही तिचं वजन केलं. जमलेल्यांतला एक जण म्हणाला, "काय भाव लावला मावशी?" कोंडाबाईंनी त्याला अशी शिवी हासडली की पुन्हा कुणी बोललं नाही. मी बॅगेतली सलाईनची बाटली काढून ठेवली, गणित मांडलं आणि टपरीवरच्या फोनकडे धावलो.

चाचींनी फोन सरांना दिला. मी एका दमात सगळं सांगितलं आणि विचारलं, "किती देऊ सर?"

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग सर शांतपणे म्हणाले, "मी हितं, कुत्री तिथं. मी आकडा सांगितला तर तो माझ्या मनातल्या कुत्रीचा आकडा आसंल. तुझ्या म्होरच्या कुत्रीचा न्हाई."

"सर, ती मरेल."

"मरंल बी. आन् मी सांगितलं तरी मरंल कदाचित. पन तुझा हात तिच्या हिरडीवर हाय, माझा न्हाई. फोन ठेव पावणं. आन् आता परत फोन करू नको. फोनवर तू घाबऱ्या आवाजात बोलतूस, मला काय बी समजत न्हाई. काय झालं ते बसून नीट लिही आन् धाड."

फोन बंद झाला. त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही. राग आला म्हणूनच बहुधा मी परत जाताना धावलो नाही, चालत गेलो, आणि चालता चालता विचार करू शकलो.

पत्र आधी कच्चं लिहायचं आणि मग चांगल्या कागदावर उतरवायचं, ही निरगुडसरच्या शाळेत लागलेली सवय. उतरवलेलं सरांकडे गेलं. कच्चं माझ्याकडे राहिलं, ते असं:

आदरणीय सरांना सलाम आणि जय भीम.

तुम्ही फोन ठेवलात तेव्हापासून मी डिंभ्यालाच आहे. आज दुसरा दिवस. कोंडाबाईंच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. तुम्हाला आधी काळजीतून सोडवतो: झिपरी जिवंत आहे.

परत आलो तेव्हा ती जास्तच गार पडली होती. मी गणित केलं होतं त्यातलं अर्धंच ठेवायचं ठरवलं आणि बाकीचं अंगणात सोडून दिलं. लोक ओरडले, पण कोंडाबाई म्हणाल्या, "सांडू द्या त्यांना, त्यांस्नी कळतंय." मला कळत होतं की नाही हे मलाच माहीत नव्हतं, पण त्या तसं म्हणाल्यावर मी सुई हातात घेतली. चुलीवरच्या कोमट पाण्यात बाटली धरून ठेवली. थोडं दिलं, थांबलो, श्वास मोजले, छाती ऐकली, हिरडी दाबली. पुन्हा थोडं. पंजे हळूहळू कोमट झाले. हिरडीवर गुलाबी झाक आली. मग तिनं मान उचलून कोंडाबाईंकडे बघितलं, आणि सगळे म्हणायला लागले, गुण येतोय, आता राहिलेलंही घाला.

तेव्हाच फुप्फुसाच्या तळाशी मला आवाज बदललेला वाटला. वाळल्या पाचोळ्यावरून मुंगी चालावी इतका बारीक. श्वासही जरासा वाढला होता. आणखी कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काही नाही. मी नळी बंद केली. कोंडाबाई म्हणाल्या, "बास? आजून हाय की बाटलीत." मी म्हटलं, "बास." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही विचार बदलला नाही. तासाभरानं तो आवाज गेला. उलटी थांबल्यावर मीठ घातलेली भाताची पेज चमच्यानं सुरू केली. आणि सर, काल दिवस मावळायच्या आधी झिपरी उठली, चार पावलं गेली आणि माझ्या बॅगेवर मुतली. पदवीच्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता.

तिचं हृदय थकलेलं आहे ते थकलेलंच राहणार. गोळ्या लागतील, त्या मी पुढच्या खेपेला आणीन. फार वर्षं नाहीत तिच्याकडे, हे कोंडाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माज्याकडं तरी कुठं हायेत? तवर दोघी जाऊ की जाळं टाकाय." आज सकाळी झिपरी तराफ्यावर चढायला निघाली होती, बाईंनी शेपूट धरून मागं ओढलं.

नेमकं किती पाणी दिलं ते मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही कागद घेऊन पडताळत बसाल, आणि आकडा त्या कुत्रीशिवाय वाचला तर तो चुकीचाच वाटेल.

कंपनीला नकार लिहून तोही या पत्राबरोबरच टाकतो आहे. घोडेगावच्या गाळ्याची किल्ली काढून ठेवा, आहुप्याची लस टोचून मी येताना घेतो. पाण्याचं आता विचारणार नाही. पण एक गोष्ट मात्र माझ्यानं एकट्यानं होणार नाही. वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही. ते तुमचं ऐकतात. तेवढं तुम्ही निरगुडसरला जाऊन सांगा, आणि मी यायच्या आधी सांगा.

आपला,
प्रकाश